पाय कुणाकडे

अव्वा, माझी आई, पहाटे गेली, आणि उजाडल्यावर जो पहिला माणूस दारात आला त्यानं विचारलं, "कुठल्या दारानं न्यायची?"

कशानं गेली, त्रास झाला का, शेवटी काही बोलली का, यातलं काही नाही. कुठल्या दारानं. हा माणूस म्हणजे सालोमोन काका, माझ्या बापाचा सख्खा धाकटा भाऊ, चर्चच्या कमिटीत वरच्या गल्लीचा पंच. पायातली चप्पलही काढली नव्हती त्यानं.

"काका, आधी तिचं तोंड तरी बघा," मी म्हटलं.

"बघतो गं. पण ठरवून ठेवलेलं बरं. खालचे एकदा येऊन बसले की मग तोंडातोंडी होते."

करडगूरच्या मेथडिस्ट चर्चला दोन दारं का आहेत, हे इकडच्या ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. चर्च सरळ नाहीच. गवंड्याचा गुण्या असतो तसं आहे, दोन हात काटकोनात. कन्नडात गुण्याला मूलेमट्ट म्हणतात, आणि रिक्षावालेसुद्धा चर्च म्हणत नाहीत, 'मूलेमट्टपाशी उतरा' म्हणतात. एक हात वरच्या गल्लीकडं जातो, एक खालच्या. दोन्ही मिळतात त्या कोपऱ्यात पुलपिट. पाळक तिथं उभा राहिला की त्याला दोन्हीकडची माणसं दिसतात, पण वरच्या हातात बसलेल्याला खालच्या हातातलं कुणी दिसत नाही आणि खालच्याला वरचं. हे चुकून झालेलं नाही. त्यासाठीच बांधलंय.

चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा बिशप आले होते. रंगीत पुस्तिका काढली. तिच्यात छापलं, की हे चर्च म्हणजे ख्रिस्तानं जगासाठी पसरलेले दोन हात. पसरलेले हात असे काटकोनात असतात? कुणी मोडले असतील तरच असे होतात.

खरं काय ते दोन्ही गल्ल्यांतलं शेंबडं पोरही जाणतं. प्लेगच्या साली हालसाब आला. खरं नाव हालस्टेड की काय ते. हालु म्हणजे दूध, आणि माणूस दुधासारखा पांढरा, म्हणून हालसाब. दोन्ही गल्ल्या त्याच्याच हातून ख्रिस्ती झाल्या, एकाच वर्षी. वरची गल्ली दवंडी पिटायची, वेशीवर राखण करायची, सांगावे पोचवायची. खालची गल्ली मेलेली जनावरं ओढायची, कातडी कमवायची. गावाच्या लेखी दोघांत तिळाचाही फरक नव्हता. गावच्या विहिरीवरून दोघांनाही सारखेच धोंडे. पण आमच्या माणसाला आपल्या खाली कुणीतरी लागतंच. ख्रिस्त मिळाला, नावं बदलली, आणि पहिल्याच प्रभुभोजनाला वरच्यांनी खालच्यांच्या तोंडचा पेला ओठाला लावायला नकार दिला.

हालसाबानं आधी सरळ चर्चचा पाया घातला होता. तो अजून अंगणात आहे. काळ्या दगडाची एक ओळ मातीतून वर आलेली दिसते, बायका तिच्यावर मिरच्या वाळत घालतात. पाया झाला आणि काम थांबलं. वरचे म्हणाले, पुढं आम्ही बसू. खालचे म्हणाले, दगड आम्हीही वाहिलेत, मागं का बसू? म्हातारे सांगायचे, साहेब त्या पायावर बसून लहान पोरासारखा रडला. मग उठला, गवंड्याच्या हातातला गुण्या घेतला आणि जमिनीवर ठेवला. असं बांधा म्हणाला. त्या दिवशी त्याचा धीर सुटला, आणि त्या सुटलेल्या धीराच्या आकाराचं आमचं चर्च झालं. दारावरच्या संगमरवरी पाटीवर त्याचं नाव आहे. दगड वाहणाऱ्या एकाचंही नाही.

वरचा हात वरच्यांनी बांधला, खालचा खालच्यांनी. जोतं काळ्या दगडाचं, वर लाल जांभा, पण जांभ्याचे थर कोपऱ्यात जुळत नाहीत. चार बोटांचा फरक आहे, चुना लिंपून झाकलाय. दोन्हीकडची कौलं मिळतात तिथं पाणी तुंबतं आणि गळतं, आणि गळती कुणाच्या हातातली यावर कमिटीत भांडण होतं. बादली मात्र कुणी ठेवत नाही. त्या मिळणाऱ्या छपरांचा भार पेलायला साहेबानं पुलपिटासमोर एक जाड दगडी खांब उभा केला. पुढचं सगळं त्या खांबामुळं झालं.

अव्वा खालच्या गल्लीची. नाव सुवार्तम्मा. बिदरच्या मिशन बोर्डिंगात शिकली, तिथल्या मडमेनं तिला पायानं भाता मारायचा हार्मोनियम शिकवला. माझा बाप वरच्या गल्लीचा, नथानप्पा, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. दोघांनी लग्न बिदरला केलं, कारण इथं नवरीनं कुठल्या दारानं आत यायचं हे कुणी सांगेना. परत आल्यावर ती बापाबरोबर वरच्या हातात बसायला गेली, तर बायकांनी चटई गुंडाळली आणि पुढं सरकून परत अंथरली. ती नुसत्या फरशीवर बसली. आणि खालच्या हातात तिचा धाकटा भाऊ, दानियल, माझा दानूमामा. तिनंच कडेवर वाढवलेला. त्यानं लग्नाच्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकानं यावर तोड काढली. हार्मोनियम कोपऱ्यात पुलपिटाखाली आणून ठेवला आणि तिला म्हणाला, "इथं बस, सुवार्ता. कोपऱ्याला गल्ली नसते." ती बसली ती अंथरूण धरेपर्यंत. बाप गेला, मी मोठी झाले, पाळक आले नि बदलून गेले, ती तिथंच. दोन्ही हातांना तिचा सूर चालायचा. दोन्हीकडची लग्नं तिनं वाजवली. जेवण मात्र डब्यातून घरी यायचं; पंगतीत कुणी बसवली नाही. आणि मला नवरा मिळाला नाही, कारण वरचे म्हणतात मी खालची, खालचे म्हणतात मी वरची, आणि मधल्या गल्लीत मी एकटीच राहते. बसस्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, आणि दोन्ही गल्ल्यांच्या शवपेट्यांना लागणारं काळं कापड. मेल्यावर माझ्या हातचं चालतं त्यांना.

आजारपणात अव्वाचं एकच चाललं होतं. "एस्तर, मला हार्मोनियमपाशी ठेव. दोन्हीकडून दिसेन."

"दिसून काय होणार, अव्वा?"

"फुलं वाहायला सगळे पेटीजवळून जातात ना? दानूलाही जावं लागेल. त्याला माझं तोंड बघावं लागेल." मग थोडा दम खाऊन, "तो मान खाली घालून गातो गं. इतकी वर्षं झाली. मी वाजवत असते आणि मला त्याचा भांग दिसतो. तोंड दिसत नाही."

म्हणून मला तिला कोपऱ्यात ठेवायची होती. बाकी त्या चर्चकडून मला काही नको होतं.

अंघोळ घालायला दोन्ही गल्ल्यांतून एक बाई आली नाही. वरच्या म्हणाल्या, खालच्या घालतील. खालच्या म्हणाल्या, त्यांनी सून करून नेली होती, ते बघतील. शेजारची खुतेजाबी बाह्या सारून आली. तिचा नवरा दस्तगीर सुतार. गावातल्या शवपेट्या तोच करतो. अंगणात फळ्या ठोकता ठोकता म्हणाला, "बाई, हिनं जन्मभर पेटी वाजवली, आता पेटीतच निघाली. वरचा मालिकपण मस्करी करतो."

"माप नीट घे, दस्तगीरभाई."

"घेतलंय. अंगाबरोबर बसेल. तुमच्या त्या दोन गल्ल्यांचं मला कळत नाही बघ. माझ्याकडं दोघांची पेटी एकाच फळीची असते, आणि दोघंही उधार ठेवतात."

खुतेजाबी आतून ओरडली, "तोंड आवरा की जरा, मयत आहे घरात!"

पाळक जयशील त्याच उन्हाळ्यात बदलून आलेला, कोलारकडचा. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्याची पुस्तकी कन्नड ऐकून पोरं मागं नकला करायची. मी त्याला म्हटलं, "अय्या, अव्वाला मध्ये ठेवायची आहे. पुलपिटासमोर."

"मग ठेवू या की, बाई. त्यांची जागाच ती. यात विचारायचं काय?"

बिचाऱ्याला काय ठाऊक? आमच्याकडं मयत आपापल्या हातात ठेवतात. पाय पुलपिटाकडं, डोकं आपल्या दाराकडं. मध्ये आजवर कुणाला ठेवलं नव्हतं. तरी त्यानं रीत म्हणून काकाला आणि दानूमामाला आपल्या ओसरीवर बोलावलं. दोघं ओसरीच्या दोन टोकांना उभे राहिले. मी मध्ये, पायरीवर.

"मध्ये? चालेल," काका म्हणाला. इतक्या पटकन, की मला संशय यावा.

दानूमामा भिंतीकडं बघत म्हणाला, "आमची हरकत नाही. आमच्याकडं नको, एवढंच."

"आमच्याकडं तरी कुणाला हवीय?"

"तुमच्या भावानं नेली होती."

"तुमच्या बहिणीनं नादाला लावला होता."

"अहो, दोघंही हो म्हणताय, मग भांडण कशाचं?" पाळक हसून म्हणाला. त्याला वाटलं, येऊन चार महिने झाले नाहीत तोवर आपण मोठं काम केलं. त्यानं तिथंच डोळे मिटून प्रार्थनासुद्धा केली. काका नि मामा दोघांनीही आमेन म्हटलं, आपापल्या टोकाला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते दोघं कोपऱ्याला कबूल झाले नव्हते. आपल्या हातात ती नाही, याला कबूल झाले होते.

दारांचा प्रश्न पाळकानंच सोडवला. घंटेच्या मनोऱ्याखाली त्याच्या खोलीचं एक दार आहे, तिथून थेट पुलपिटामागं निघता येतं. "इथून आणू," म्हणाला. पण त्या दारातून आत आलं की लगेच भिंत, आणि वळण इतकं अरुंद, की माणूसच अंग चोरून वळतो. पेटी आडवी वळेना. झाकण काढलेलं होतं, कारण आमच्यात शेवटपर्यंत तोंड उघडं ठेवतात. पुढून दस्तगीर, मागून त्याचा भाऊ नि पाळक. मागं पुढं, मागं पुढं.

"उभी करावी लागेल," दस्तगीर म्हणाला.

"अरे पडेल ती!"

"पडणार नाही. अंगाबरोबर केलीय म्हटलं ना."

त्यांनी पेटी उभी केली. मी दोन्ही हात पुढं करून समोर उभी राहिले, झेलायला. अव्वा पडली नाही. खांदे फळ्यांत घट्ट बसले होते. पांढऱ्या साडीत, केसांत मोगरा, डोळे मिटलेले, माझ्यासमोर उभी. आजारात आठ महिने ती उभी राहिली नव्हती. मग पेटी वळली आणि पुन्हा आडवी झाली.

दोन्ही हात गच्च भरले होते. रविवारी येत नाहीत तेही आलेले. कुणी तिच्यासाठी नव्हतं आलं. मध्ये ठेवलेलं मयत कसं दिसतं ते बघायला आले होते.

राखणदार येसप्पानं खांबापाशी दोन स्टुलं मांडली. पाळकाला पेटी तिरपी ठेवायची होती, पाय पुलपिटाकडं, डोकं खांबाकडं, म्हणजे दोन्हीकडं सारखी. पण पुलपिटाभोवती गुडघे टेकायचा लाकडी कठडा आहे, आणि कठडा नि खांब यांच्यामध्ये पेटी मावेना. वीतभर कमी. येसप्पानं ढकलून बघितलं, दस्तगीरनं फिरवून बघितलं. हालसाबाच्या खांबापुढं कुणाचं काय चालणार. मग येसप्पानं जशी बसली तशी ठेवली, कठड्याला धरून आडवी.

खालच्या हातातून आवाज आला, "पाय आमच्याकडं का?"

येसप्पानं पेटीकडं बघितलं. खरंच, अव्वाचे पाय खालच्या हाताकडं होते. डोकं वरच्यांकडं.

"डोकं वरच्यांना आणि पाय आम्हाला?" दुसरा एक जण उठला. "बघितलंत? मेल्यावरसुद्धा तेच!"

"अहो, जागा नाही म्हणून..." पाळक.

"जागा नाही तर फिरवा!"

येसप्पानं आणि दस्तगीरच्या भावानं पेटी उचलली, खांबाला वळसा घालून फिरवली. आता पाय वरच्या हाताकडं. वरच्या हातात कुजबुज सुरू झाली. सालोमोन काका उठला.

"हे चालणार नाही, अय्या. आम्ही मध्ये ठेवायला हो म्हटलं होतं. आमच्याकडं पाय करायला नाही."

"काका, ती तुमची भावजय आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर. खालच्या गल्लीतून आलेल्या बाईचे पाय वरच्या गल्लीच्या तोंडासमोर? उद्या आमच्या पोरांना लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?" खालच्या हातातून कुणीतरी. "माणसं झालात म्हणतील!"

"तोंड सांभाळ रे! अजून हाताला कातड्याचा वास आहे तुझ्या!"

"आणि तुझ्या बापाच्या गळ्यात दवंडीचा डफ होता, तो कुठं विकलास?"

दोन्हीकडची माणसं उभी राहिली. कुणी कुणाला दिसत नव्हतं. भिंतीच्या या बाजूनं शिवी जायची, त्या बाजूनं शिवी यायची, आणि मध्ये पाळक नि मी नि अव्वा. पाळकाच्या कपाळावरून घाम गळत होता. तो हात वर करून म्हणाला, "थांबा, थांबा. असं करू. अर्धी उपासना पाय इकडं, अर्धी तिकडं. मधल्या गीताला फिरवू."

आणि देवाशपथ सांगते, ते त्यावर विचार करायला लागले. आधी कुणाकडं? पहिल्या अर्ध्यात नुसती वचनं असतात, उपदेश दुसऱ्या अर्ध्यात. उपदेशाच्या वेळी पाय कुणाकडं? काका म्हणाला, उपदेश लांबतो, ते चालणार नाही. खालच्यांचा पंच म्हणाला, मग फुलं वाहताना पाय कुणाकडं ते आधी ठरवा. दानूमामा पहिल्या रांगेत बसून होता. मान खाली. भांग दिसत होता.

मोगरा कोमेजायला लागला होता. एक माशी अव्वाच्या ओठांवर बसली, मी उडवली, परत बसली.

"बास," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. मी हार्मोनियमच्या बंद झाकणावर थाप मारली, सगळ्या ताकदीनं. तेव्हा ऐकलं.

"तिनं तुमच्या दोघांच्या पोरांची लग्नं वाजवली. तुमच्या दोघांच्या बापांना मूठमाती देताना वाजवलं. तेव्हा तिचे पाय भात्यावर होते, तुमच्यासाठी. ते पाय चालले. आता ते पाय तुमच्याकडं नकोत? नकोत ना? बरं. कुणाकडंच करत नाही." मी दस्तगीरकडं वळले. "दस्तगीरभाई, उभी कर."

"काय?"

"मघाशी केली तशी. पुलपिटाला टेकवून."

"बाई, डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या?"

"झालाय. धर."

कबरीत सोडायचे दोर स्टुलाखाली पडले होते. मी एक ओढला आणि अव्वाच्या काखेखालून पेटीभोवती दोन वेढे दिले. गाठ परकराची नाडी बांधावी तशी बांधली. दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, कठड्याचं फाटक उघडलं आणि पायथ्याकडून पेटी धरली. डोक्याकडून मी उचलली. पाळक नुसता बघत राहिला. पेटी पुलपिटाला टेकून उभी राहिली.

अव्वाचे पाय जमिनीकडं होते. तोंड खांबाच्या दोन्ही बाजूंनी, दोन्ही हातांकडं.

अव्वाचं डोकं जरासं एका बाजूला कललेलं, ती वाजवताना कलायचं तसं. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "दानूमामा, तिला तुम्हाला तोंड दाखवायचं होतं. बघा."

त्यानं मान वर केली. मी त्याच्याकडंच बघत होते, म्हणून सांगते, त्यानं बघितलं. नजर काढायचा प्रयत्न करत होता आणि निघत नव्हती. ओठ हलले. मला वाटलं, 'अक्का' म्हणेल. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला आणि ओरडला, "झाका तिला! अरे झाका रे कुणीतरी!"

त्या ओरडण्यानं सगळं सुटलं. बायका किंचाळल्या. पोरं रडायला लागली. "भूत करून ठेवलंय!" "चर्च बाटवलं!" खांबाच्या दोन्ही अंगांनी माणसं धावत आली, वरची नि खालची, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ती एकमेकांत मिसळलेली बघितली. कुणीतरी मला ढकललं. कुणीतरी पेटी आडवी केली, दोर न सोडताच झाकण दाबलं. काकाचा खांदा नि दानूमामाच्या मोठ्या मुलाचा खांदा एका फळीखाली आला. वरचे खालच्यांना 'धर रे, धर' म्हणत होते, खालचे वरच्यांना 'इकडून, इकडून'. गुण्याच्या चर्चमध्ये एवढी एकी हालसाबालाही दिसली नसेल. तिला बाहेर काढायला झाली.

फाटकाबाहेर रस्त्यावर त्यांनी पेटी खाली ठेवली. तिथं आल्यावर ते थांबले, एकमेकांकडं बघितलं, आणि खांद्यावरचा भार उतरल्यावर बहुतेक कळलं आपण कुणाला चिकटून उभे आहोत. हळूहळू दोन्हीकडं पांगले.

"काका, स्मशानात?" मी विचारलं.

"तुला करायचं ते तू केलंस," काका धोतराचा सोगा झटकत म्हणाला. "आता तूच ने."

मी नेली. पुढं दस्तगीर आणि त्याचा भाऊ, मागं पाळक आणि मी. पाळक उंच, मी ठेंगणी, त्यामुळं सगळा भार माझ्याकडं उतरायचा. बाजारातून गेलो. भाजीवाल्या बायका उभ्या राहिल्या, हॉटेलातली माणसं हातातले कप घेऊन दारात आली. बाई खांदा देते हे बघायला. पाळक सारखा पाऊल चुकत होता आणि प्रत्येक वेळी मला 'माफ करा' म्हणत होता. शेवटी मी म्हटलं, "अय्या, माफी नंतर मागा, आधी नीट चाला." दस्तगीरला पुढं हसू आलं. ते हसणं पेटीच्या लाकडातून माझ्या खांद्याला लागलं.

मूठमाती द्यायला आम्ही चार, खुतेजाबी, आणि काही म्हाताऱ्या बायका. त्या दोन्ही गल्ल्यांतून आल्या होत्या, पण दोन घोळके करून. पाळकानं वचन वाचलं. गीत म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

पुढं काय होणार ते मला माहीत होतंच. पाळकाला दुसरीकडं पाठवा असा अर्ज बिशपांकडं गेला, आणि त्याच्यावर दोन्ही गल्ल्यांचे अंगठे नि सह्या होत्या. वर्षाच्या कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचल्या तेव्हा त्याला कुठल्याशा खेड्यात टाकलं. जाताना तो माझ्या दुकानात आला, बराच वेळ बसला आणि गेला. कमिटीनं एक नियम केला. इतक्या वर्षांत एकमतानं केलेला पहिला नियम. यापुढं कुठलंही मयत चर्चच्या आत आणायचं नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवून प्रार्थना करायची. वरचं असो, खालचं असो. मला कुणी चर्चमध्ये येऊ नको म्हटलं नाही. म्हणावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी मोहरमच्या सुमारास एका दुपारी दानूमामाचा मुलगा रूबेन दुकानात आला. दाढी वाढलेली. दारातच उभा राहिला.

"एस्तरक्का, काळं कापड शिवायचंय. पेटीचं."

"कुणाच्या?"

"बाबांच्या. सकाळी गेले."

मी मशीन थांबवलं. त्याला बस म्हटलं, तो बसला नाही.

"फार त्रास झाला?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"दुखण्याचा नाही झाला. झोपेचा झाला. झोपतच नव्हते. खोलीच्या कोपऱ्याकडं पाठ करून बसायचे भिंतीला तोंड लावून. आई म्हणायची आडवे व्हा, तर म्हणायचे, अक्का उभी आहे, मी कसा आडवा होऊ?"

रस्त्यावरून बस गेली, तिची धूळ आत आली.

"काही बोलते म्हणायचे का?" मी विचारलं.

"नाही. नुसती बघते म्हणायचे." रूबेननं माझ्याकडं बघितलं, लगेच मान खाली घातली. बापासारखाच भांग पाडतो. "तू येशील ना, अक्का? फाटकापाशी ठेवणार आहोत. आता नियमच आहे."

मी कपाटातून काळ्या कापडाचा तागा काढला आणि टेबलावर उलगडला. कात्री शोधली.

"लांबी सांग," मी म्हटलं.